शिवेबाहेरच्या गेड्या

स्टेजवर तोरणासारख्या गेड्या टांगल्या होत्या. पावसाळ्यात पोरं ज्यांवर चढून चिखल तुडवतात त्याच बांबूच्या गेड्या, पण तेलरंग फासलेल्या. सगळ्यांत बुटक्या जोडीला सोमारीच्याच लुगड्याची चिंधी बांधलेली होती. ती पाहून तिचं टाळकं फिरलं.

"शिवेबाहेर बेवारस पडल्या होत्या, बाई," कार्यक्रम भरवणारे साहेब म्हणाले. "पाहुण्यांसाठी रंगवून घेतल्या."

"बेवारस? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आख्खं गाव गेड्यांसोबत रोगराई शिवेबाहेर सोडून येतं. त्या कुणी परत आणत नाही."

"बरं, कार्यक्रमानंतर नेऊन टाकू."

सोमारी खुर्चीवर चढली आणि तिने ती बुटकी जोडी सोडवली.

"श्रावणात तापानं गेली माझी पोर. तिच्या गेड्या मीच सोडून आले होते. साहेब, पोरीला दोनदा पोचवायला लावलंत."