कच्चे पाणी

काळ्या माशाच्या अंगावर पूर्वी तीन पांढरे ठिपके होते. कपाळावरचा आता पुरता गेला होता. दोन बाजूंचे दोन टाचणीच्या डोक्याएवढे उरले होते. डोमिनो जातीचा मासा वाढला की त्याचे ठिपके असेच विरत जातात. चित्रानी हे बरेच दिवस बघत होती.

आज तो मासा खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत तरंगणाऱ्या पिशवीला धडका देत होता.

पिशवीत दोन नवे मासे होते. बोटाएवढे, पुढून दुधी, शेपटीकडे निखाऱ्यासारखे लाल. पाठीवरचा लांब काटा ताठ करून दोघे एकमेकांना चिकटले होते. लेकीने, दिलिनीने, ते सकाळीच आणले होते. पिशवीतले पाणी टाकीतल्या पाण्याइतके कोमट झाले की गाठ सोडायची, एवढेच बाकी होते.

“हा यांना जगू देणार नाही, अम्मा,” दिलिनी म्हणाली. तिला सातवा महिना होता. ती दाराजवळच्या स्टुलावर अवघडून बसली होती. टाकीसमोरच्या आरामखुर्चीत लायनल मामा होता.

“वा! पाहुणे दारात आले नाहीत तोच घरधन्याच्या तक्रारी,” लायनल म्हणाला. “अक्का, चहाबरोबर गूळ नाही दिलास.”

“घे, मल्ली,” म्हणत चित्रानीने गुळाचा खडा आणून धाकट्या भावाच्या बशीत ठेवला.

“टाकी नवी होती तेव्हा कोण टिकलं, सांग,” लायनल भाचीला म्हणाला. “तुझ्या या नाजूक राण्या त्या कच्च्या पाण्यात एक रात्र तरी टिकल्या असत्या का? हा राहिला. विष पचवून राहिला. म्हणून आज हे पाणी पाणी आहे.”

ते खरेच होते. नव्या टाकीचे पाणी विषारी असते. त्यात आधी एखादा चिवट मासा सोडतात. त्याच्या मळावर सूक्ष्म जीव पोसतात, आणि मग ते पाणी इतरांना राहण्याजोगे होते. हा मासा लायनलनेच आणला होता. चित्रानीचा नवरा गेला त्या वर्षी. मरविल गावातले स्वतःचे घर भाड्याने देऊन, एक बॅग घेऊन तो बहिणीकडे नेगोम्बोला आला होता. तिला तो समोर बसून जेवायला लावत असे. रात्री फाटकाला कुलूप घालत असे.

त्या माशानंतर टाकीत दुसरे कोणी टिकले नाही. पिवळा मासा पंपाच्या मागे सापडला, पंख कुरतडलेला. एकाने टाकीबाहेर उडी घेतली. घरातही तसेच झाले. दिलिनीचा नवरा सुजीव पहाटे नळ सोडतो, त्याची स्कूटर वाटेत येते, त्याला खोबऱ्याचा संबोल तिखट लागतो. लायनल कधी ओरडला नाही, फक्त रोज एकदा बोलायचा. ती दोघे आता बसस्टँडमागे एका खोलीत राहत होती. बाळ झाल्यावर घरी येऊ का, हे दिलिनीने नाताळात विचारले होते. चित्रानी म्हणाली होती, ईस्टर होऊ दे. ईस्टरही होऊन गेला होता.

“समुद्रात सोडू या ना याला,” दिलिनी म्हणाली. “हाकेवर तर आहे.”

“टाकीतला मासा समुद्रात सोडायचा नसतो. इथले रोग तिकडे जातात,” चित्रानी म्हणाली.

“मग दुकानात दे.”

“विचारलं मी. एवढा वाढलेला डोमिनो कुणी घेत नाही.”

“आणि पकडणार कसा?” लायनलने गूळ चावला. “सगळे दगड उपसावे लागतील. एकेक प्रवाळ अक्कानं हातानं बसवलंय. एकासाठी अख्खं घर मोडायचं?”

“एकासाठी आम्ही घर सोडलंच की, मामा.”



“मी माशाबद्दल बोलतोय,” लायनल म्हणाला.

“मग मी कुणाबद्दल बोलतेय?”

चित्रानीने बाही वर सारली आणि टाकीत हात घातला. काळा मासा पिशवी सोडून तिच्या बोटांशी आला. त्याची ती सवयच होती. तिने त्याला क्षणभर बोटांभोवती फिरू दिले. मग पिशवी उचलून टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवली.

“यांचं इथे जमणार नाही,” ती म्हणाली.

दिलिनीने छत्री उचलली.

“बस खाली. यांना वेगळी टाकी लागेल. मागच्या खोलीत मावेल. पाळणा ठेवूनही मावेल.”

“मागच्या खोलीत माझी खाट आहे, अक्का,” लायनल हसत म्हणाला. तिच्या हातावरून पाणी टपकत होते. अंगावर उडू नये म्हणून त्याने पाय वर घेतले.

चित्रानी तशीच ओल्या हाताने त्याच्यासमोर उभी राहिली.

“मासा राहील,” ती म्हणाली. “त्यानं कच्च्या पाण्यात दिवस काढले, ते मी विसरलेले नाही. आणि त्याला जायला दुसरी जागा नाही.”

लायनलने मान डोलावली, पाय खाली सोडले आणि चहाचा कप उचलला.

“तुला आहे, मल्ली. मरविलच्या भाडेकरूंना आजच फोन कर.”