फिकट गुलाबी

शेवटची तोटी आवळून इलियासनं पाना खाली ठेवला आणि नळ सोडला. नव्या बेसिनमध्ये आधी नुसता फुसफुसाट झाला, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ.

"गळत नाही ना कुठं?" योगिनी मॅडमनी दारातून विचारलं.

"नाई मॅडम. थेंबबी नाई," तो मान वर न करता म्हणाला. या कामावर आल्यापासून त्यानं तोंडावरचा रुमाल सोडला नव्हता. मॅडम आल्या की तो भिंतीकडे वळायचा.

मेहकरच्या याच कॉलेजात तो रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता. अल्पसंख्याक समाजाच्या संस्थेचं कॉलेज. मास्तरांचे पगार निघायची मारामार, तिथं प्रयोगशाळा कुठली? ही खोली तेव्हा मोडक्या बाकांनी भरलेली होती. मॅडम फळ्यावर प्रयोग काढायच्या, पोरं तो वहीत उतरवायची. आता अशा कॉलेजांमधलं विज्ञान सुधारावं म्हणून सरकारी अनुदान मंजूर झालं होतं. त्याच्या मागे लागून लागून मॅडमचे केस पिकले. ओटे आले, काचसामान आलं, अभ्यासक्रमसुद्धा बदलला. यंदापासून प्रत्येकानं प्रयोग स्वतःच्या हातानं करायचा होता, आणि कंपन्यांतली माणसं इथं येऊन शिकवणार होती. उद्या उद्घाटन.

पाणी प्यायला इलियासनं रुमाल खाली ओढला, आणि तिथंच सापडला.

"अरे! इलियास ना रे तू?"

"हाव मॅडम."

मॅडमची नजर पान्यावर गेली, तिथून त्याच्या काळ्या पडलेल्या नखांवर. "तुला तर औषधांच्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. अख्ख्या वर्गाला पेढे वाटले होते मी."

"गेल्तो ना. संभाजीनगरले." तो हसला. "तोंडी सारं सांगतलं. सायेब खुश. मंग एक लांब काचेची नळी हातात देल्ली, म्हणे, करून दाखव. मॅडम, मले ते स्टँडले लावताच आली नाई. वहीत तर ते लावलेलीच राहे."

मॅडम हसल्या नाहीत.

"दुसऱ्या कॉलेजाचे पोरं होते बाजूले. ते लई हसले. मंग घरी येऊन म्हटलं, जागा भरल्या. मामाच्या हाताखाली नळाचं काम शिकलो. बरं चालते आता."

मॅडम कपाटाकडे गेल्या. उद्याच्या पाहुण्यांना दाखवायला त्यांनी द्रावणं करून ठेवली होती. त्यातल्या दोन बाटल्या आणि रंगानं खूण देणाऱ्या दर्शकाची कुपी त्यांनी ओट्यावर आणली.

"हात धू. साबणानं धू."

"मॅडम, मले अजून एका घरी जाणं हाये..."

"धू म्हटलं ना."

त्यांनी ती लांब नळी स्टँडला लावून दाखवली, काढली, आणि त्याच्या हातात दिली. त्यानं ती लावली. मग त्यांनी नळीत अल्कली भरलं. चंबूत आम्ल घेतलं आणि त्यात दर्शकाचे दोन थेंब टाकले. सगळं पाण्यासारखं दिसत होतं.

"आता थेंब थेंब सोड. दुसऱ्या हातानं चंबू हलवत राहा."

दिवसभर तोट्या फिरवणारा हात तो. काचेची ती चिमुकली तोटी त्याला नवखी वाटलीच नाही. पहिल्यांदा त्यानं बारीक धार सोडली. पडेल तिथं गुलाबी ठिपका उमटायचा आणि चंबू हलवला की विरून जायचा. ठिपका विरायला वेळ लागू लागला, तसा इलियासनं हात आवरता घेतला. आता एकेक थेंब. मग शेवटी एक थेंब नळीच्या टोकाला अर्धवट लोंबला. त्यानं तो चंबूच्या काठाला हलकेच टेकवला आणि चंबू फिरवला.

अख्ख्या पाण्याला रंग आला. असून नसल्यासारखा.

इलियासनं तोटी बंद केली. चंबू उजेडात धरला.

"वहीत मी लिहो, फिकट गुलाबी," तो म्हणाला. "किती खेपा लिहिलं. पण मले वाटे, होळीच्या रंगावानी असन."

"पहिल्या खेपेला हे कोणाला जमत नाही. एखादा थेंब जास्त पडतो आणि भडक होतं," मॅडम म्हणाल्या. "मलाही जमलं नव्हतं." आणि बोलून गेल्यावर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

इलियासनं पान्यावरचा चिखल पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. मग गंमत केल्यासारखं विचारलं, "आता ते कंपनीवाले शिकवणार, त्यात माह्यासारख्याले बसता येईन का? मांगच्या बाकावर?"

मॅडमनी बाटलीला बूच लावलं. "सध्या शिकणाऱ्या मुलांसाठीच आहे रे ते. तसा नियम आहे." आणि लगेच, "मी विचारून बघते."

"नका विचारू मॅडम. सहज म्हटलं."

त्याचा फोन वाजला. कोणाच्या तरी घरची टाकी वाहत होती. "येऊन राह्यलो," असं सांगून त्यानं हत्यारं पिशवीत भरली, पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता ओट्याकडे पाहिलं.

"मॅडम, हे तर जाऊन राह्यलं!"

"हवा लागली की उतरतो रंग," मॅडम म्हणाल्या. "तुझं काही चुकलं नाही."

इलियासनं पिशवी तशीच खाली टाकली आणि चंबूच्या तोंडावर आपला तळहात घट्ट दाबून धरला.

आतलं पाणी हळूहळू नितळ होत गेलं. त्यानं हात काढला नाही.