ठसका

शाळेची वेळ झाली की ऋतिकाच्या पोटात कळ यायची. नखं कुरतडून बोटं लाल झालेली. "आई, शाळेची गाडी घाटात उलटली तर? पप्पांच्या कंपनीत आग लागली तर?" झोपतानाही तेच. महाडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पोट ठणठणीत आहे. पोर सतत धास्तीत असते. तिला ओरडू नका, हसू नका."

"नाटकं हायत तिची. तूच डोक्यावर चढवून ठेवलीयस," हे म्हणाले. वर पाहुण्यांसमोर पोट धरून, नखं खाऊन तिची नक्कल करून दाखवायचे. सगळे हसायचे आणि ती दाराआड लपायची.

सासूबाई दर रविवारी तिची दृष्ट काढायच्या. मिरच्या चुलीत पडल्या की घरभर ठसका. "ठसका लागला म्हंजे नजर नाय. मग पोरीला झालंय तरी काय गो?"

गेल्या रविवारी मीठ-मिरच्यांची मूठ मी घेतली. सगळ्यांदेखत ओवाळत मोठ्याने म्हटलं, "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, लेकीची नक्कल करणाऱ्या बापाची..." आणि मूठ चुलीत सोडली.

चूल तडतडली. कुणाला साधा खोकलाही आला नाही.

"सुन्या, मेल्या, तुझीच नजर हाय रे!" सासूबाई कडाडल्या. "परत पोरीला हसलास तर घराभायेर काढीन!"

तेव्हापासून ह्यांचं तोंड बंद आहे.



त्या मुठीत नुसतं मीठ होतं. मिरच्या मी वाटून ह्यांच्या कालवणात घातल्या.