दोऱ्याचं माप

जुन्या ढंगाच्या बीएमएक्स क्रूझर सायकलची हाताने बनवलेली फ्रेम गिऱ्हाइकाने जोडणीसाठी टेबलावर ठेवली आणि भिकाजी मिस्त्रींच्या पोटात दुखू लागलं. फ्रेम पलीकडच्या गल्लीतल्या शहाजी मिस्त्रीने बनवलेली होती.

“आधी सरळ आहे का बघू,” म्हणत त्यांनी पुढच्या नळीवरून मागच्या चाकाच्या दोन्ही खाचांपर्यंत दोरा ताणला. मधल्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोजलं, परत मोजलं. मेलं केसाचाही फरक निघेना!

“चालेल,” ते कसेबसे म्हणाले.

गिऱ्हाईक चहाला जाताच त्यांनी स्वतः बनवलेली, वीस वर्षं मिरवलेली सायकल ओढली आणि तोच दोरा तिला लावला. एका बाजूला चक्क तीन मिलिमीटर जास्त.

परतलेल्या गिऱ्हाइकाने वाकून पाहिलं. “ही वाकडी कुणी बनवली हो?”

मिस्त्रींनी पट्टी खिशात घातली. “शहाजीनंच.”