बोलता येईल तेवढाच वेग

चढ सुरू झाला आणि बाबा बोलायचे थांबले.

गेली दोन वर्षं दर रविवारी बापलेक या रस्त्याने पळत होते आणि बाबा कधी गप्प बसल्याचं तिला आठवत नव्हतं. घड्याळ लावायचं नाही, बोलता येईल तेवढ्याच वेगाने पळायचं, हा नियम त्यांचाच. ती शाळेत असताना छापखान्याच्या पहिल्या पाळीला जाण्याआधी ते तिला पळायला न्यायचे, तेव्हापासूनचा. मग तिचं लग्न झालं, मुलं झाली, पळणं सुटलं. चाळिशी आल्यावर ती आपण होऊन बाबांच्या दाराशी बूट घालून उभी राहिली, तेव्हा त्यांना काय आनंद झाला होता! फाटकाबाहेर पाऊल पडलं की त्यांची टकळी सुरू. परत फाटकाशी येईपर्यंत थांबायची नाही.

विषय ठरलेले. बेकरीवरच्या भाड्याच्या खोलीत तिघं राहायचे तेव्हा खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कायम धुतलेले कपडे बसलेले असायचे. आई सायकल शिकली ती थेट पोस्टमनच्या अंगावर. छापखान्यात एकदा लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं गेलं आणि मालकाने दिवसभर तोंड लपवलं. पहिल्यांदा ऐकताना ती हसून हसून थांबली होती. पण पुढच्या रविवारी तीच खुर्ची, तोच पोस्टमन, तोच सासरा. साठी बुद्धी नाठी, असं म्हणून तिचा नवरा हसायचा. तिला हसू येत नसे. आपले बाबा म्हातारे झाले, हे तिला त्या गोष्टींतून कळत होतं. म्हणून ती प्रत्येक गोष्ट नवी असल्यासारखी ऐकायची आणि मधूनमधून 'हं' म्हणायची.

वेगाचं तर विचारूच नका. बाळाच्या गाड्या ढकलणाऱ्या आयासुद्धा त्यांना मागे टाकून जायच्या. तिला वाईट वाटायचं नाही. लहानपणी बाबा आपल्यासाठी हळू पळत होते, आता आपली पाळी, असं ती मनाला सांगायची. शिवाय आठवडाभर एकटीने पळून तिचा गुडघा दुखत होता, तेव्हा मुंगीची चाल सोयीचीच होती.

त्या गुडघ्यानेच सगळं बदललं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला एका पायावर उठबस करायला लावली आणि कपाळाला हात लावला.

"नुसतं पळून पाय मजबूत होत नाहीत, ताई. आठवड्यातले पळायचे दोन दिवस कमी करा आणि वजनं उचला. जड. पाच वेळा उचलल्यावर सहाव्यांदा उचलवूच नये, इतकी जड."

पळणाऱ्याने पळावं, वजनं पहिलवानांनी उचलावीत, असं तिचं ठाम मत होतं. पण गुडघ्यापुढे मताचं काय चालणार? मंगळवार आणि शुक्रवार जिमचे झाले. पहिल्या आठवड्यात ती कठडा धरून जिना उलटा उतरली आणि मुलांची चांगली करमणूक झाली. पुढे मात्र पाय हळूहळू तिचं ऐकू लागले. गुडघा गप्प झाला. जिन्यावर धाप लागेना. फक्त रविवारी ती पाय आवरून धरायची, बाबांसाठी.

आणि गेल्या आठवड्यात आईने तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"ह्यांना सांग बाई, आता पुरे म्हणून. तुझंच ऐकतील. रोज सकाळी पाय मोकळे करायला म्हणून जातात आणि बूट बघ, वर्षात तीन जोड झिजवले. पाय घासत चालत असणार. कुठे पडलेबिडले म्हणजे?"

आईचं चुकत नव्हतं. पण पुरे हा शब्द बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचा? ज्यांनी पळायला शिकवलं त्यांनाच? आठवडाभर तिने शब्द जुळवले आणि मोडले. शेवटी ठरवलं, सांगायचंच नाही. चढावर पाय मोकळे सोडायचे. मागे पडले की त्यांचं त्यांनाच कळेल. मग रविवारी दोघांनी चालायला जावं. गोष्टी काय, चालतानाही होतात.

म्हणून आज चढ आल्यावर तिने पाय सोडले. मांड्यांनी रस्ता मागे ढकलला. बाबांचा पोस्टमन अर्ध्या वाक्यात राहिला. आणि ती शांतता तिला ऐकवेना. दोन वळणं ती तशीच पळाली. मग तिचा धीर सुटला. काय केलं मी हे, असं वाटून ती चढाच्या मध्यावर थांबली आणि बाबा किती मागे राहिले ते बघायला वळली.

मागे कोणीच नव्हतं. बाबा तिच्या खांद्याशी उभे होते. तोंड लाल, सदरा घामाने चिंब.

"बाबा, बसा! बसा इथे. काही होतंय का? बोला ना काहीतरी!"

बाबांनी हात हलवून तिला गप्प केलं. गुडघ्यांवर हात ठेवून भरभरून श्वास घेतला. वर बघितलं तेव्हा ते चक्क हसत होते.

"थांबलीस कशाला वेडाबाई? चांगली लय लागली होती."

"तुम्ही बोलायचे थांबलात म्हणून."

"एवढ्या वेगात कोण बोलेल? दोन वर्षं तुझ्या तोंडून एका 'हं'पलीकडे शब्द फुटत नव्हता. म्हटलं, पोरीचा दम पुरत नाही अजून, वेग वाढवायला नको. म्हणून बोलत राहायचो. माझ्या गोष्टी तर पहिल्या महिन्यातच संपल्या होत्या."