रिकाम्या घराचा निरोप

सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या त्या फ्लॅटमध्ये उज्ज्वल एकटाच राहायचा. अख्ख्या मजल्यावर मराठी सोडाच, हिंदी बोलणारंही कुणी नव्हतं. नागपूरहून आईनं फोनवर बजावलं होतं, "घर रिकामं असलं तरी निघताना 'येतो' म्हणत जा रे." म्हणून वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसला निघताना तो कुलूप लावायचा आणि बंद दाराला "येतो" म्हणायचा.

एका सकाळी आतून उत्तर आलं, "ये."

आवाज बाईचा होता, मऊ, पण आईचा नव्हता. उज्ज्वलनं दार उघडून सगळं घर धुंडाळलं. कुणीच नव्हतं. त्यानंतर मात्र रोज उत्तर येऊ लागलं. तो न बोलता निघाला, तर दारामागे कुणीतरी येऊन ताटकळत उभं राहिल्याची चाहूल लागे.

शेजारच्या चिनी आजी झाडांना पाणी घालता घालता कौतुकानं म्हणाल्या, "युअर मदर सो नाइस, लाह. होल डे वेटिंग ॲट द डोअर."

त्याच आठवड्यात त्यानं जुरोंग ईस्टला खोली पाहिली. बॅग भरली, दाराला कुलूप घातलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "जातो!"

आत शांतता. हुश्श करून त्यानं लिफ्टचं बटण दाबलं.

"असं म्हणू नये, बाळा," दारामागून आवाज आला. "येतो म्हण."

त्यानं ओठ घट्ट मिटले. पण लहानपणापासूनची सवय ती, शब्द निसटलाच. "येतो."

"ये," आतून समाधानानं उत्तर आलं, आणि कुलूप आपोआप उघडलं.

लिफ्टही आली होती. पण उज्ज्वलची पावलं दाराकडे वळली होती.