माघारी फिरणारी लाट

कोंब फुटलेला नारळ उराशी धरून म्हातारा तेमारी जोडहोडीच्या तळाशी उताणा पडला होता. प्रशांत महासागर, ना होकायंत्र, ना नकाशा. त्याचे डोळे केव्हाच गेले होते, पण पाठ शाबूत होती. बेटावर आपटून माघारी फिरलेली लाट पाठीनं ओळखायची, हे बापानं त्याला लहानपणी असंच झोपवून शिकवलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो ताडकन उठून बसला. "आलं गं माझं बेट!"

बापाच्या थडग्यापाशी माड लावायला तो पन्नास वर्षांनी येत होता.

सुकाणू धरलेल्या लेकीनं पाहिलं. वाट चुकली नव्हती. बुडालेल्या खडकांवर पांढरा फेस फुटत होता. जमीन मात्र चढत्या समुद्रानं गिळली होती.

"माड दिसतात ना?"

तिला खोटं बोलवेना. "बाबा, नुसतं पाणी आहे."

बराच वेळ तो कोंबावरून बोटं फिरवत राहिला. मग नारळ तिच्या ओटीत ठेवून त्यानं सुकाणू चाचपलं.

"हा घरी लावू. आता तू माझ्या जागी तळाशी पड. बेट नसलं तरी लाट अजून तिथूनच फिरते. तुझ्या पाठीला तिची ओळख होऊ दे."